पॅकमॅन नुसत्या चौकोन-गोलांमध्ये परत बनवतोय, भुतांचे डोळे ठेवू की काढू?

ठेव. बाकीचं उत्तर वाचलं नाहीस तरी चालेल, पण डोळे ठेव.

तू विचारलंयस चार गोष्टी: इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कुठलं, रंग किती, डोळे काढले तर स्टाइल जास्त क्लीन होईल का, आणि कॉपीराइटची भानगड. इंजिनचं म्हणशील तर गोडो घे, युनिटी घे, साध्या जावास्क्रिप्टमध्ये कर, अठ्ठावीस बाय एकतीस घरांचा चक्रव्यूह, पिवळ्या गोलाने खायचे २४४ ठिपके आणि त्याच्या मागे लागणारी चार भुतं, एवढ्याला काय इंजिन लागतंय. डोळ्यांवर मात्र मला बोलायचंय, कारण ह्याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या आतेभावाचं गेली सहा वर्षं वाजलेलं आहे.

९४-९५ ची गोष्ट. ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. अर्धं शटर खाली, आत घाम आणि उदबत्तीचा मिक्स वास. पुढच्या मशिनींवर मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर, तिथे कॉलेजची पोरं, आम्हाला कोपर मारून बाजूला करायची. मी आठ वर्षांचा, दादा, म्हणजे तोच आतेभाऊ, तेराचा. आमच्या वाट्याला यायचं कोपऱ्यातलं पॅकमॅनचं मशिन, ज्याला कोणी हात लावायचं नाही कारण त्याच्या पिक्चर ट्यूबमधला लाल रंग गेला होता. आणि कोणी हात लावत नाही म्हणून मालक रुपयाला दोन गेम द्यायचा.

लाल गेला की काय होतं माहितीये? पिवळा पॅकमॅन हिरवा होतो. गुलाबी भूत निळसर, नारिंगी भूत हिरवट, आणि लाल भूत गायब. म्हणजे गेममध्ये असतं, दिसत नाही, काळ्या पडद्यावर नुसते दोन डोळे फिरत असतात. दादा खेळायचा आणि माझी ड्यूटी म्हणजे शेजारी स्टुलावर उभं राहून ते डोळे बघायचे आणि ओरडायचं, "वर बघतोय, वर! वर वळणार!" आणि तो खरंच वर वळायचा. मला वाटायचं मला काहीतरी सिद्धी वगैरे आहे.

सिद्धी नव्हती, प्रोग्रॅमिंग होतं, हे मला पंचवीस वर्षांनी स्वतः कोड लिहिताना कळलं. भूत नव्या घरात शिरलं की तेव्हाच पुढच्या घरातून कुठे वळायचं ते ठरवून टाकतं, आणि डोळे लगेच त्या दिशेला फिरतात. अंग नंतर वळतं. एका घराची आगाऊ सूचना मिळते तुला, फुकट. १९८० चा गेम आहे, अख्खा पडदा २२४ बाय २८८ पिक्सेलचा, त्यात भूत म्हणजे जेमतेम सोळा बाय सोळाच्या चौकटीतलं चित्र, आणि तेवढ्यातही हा गेम रचणाऱ्या इवातानीने आणि त्याच्या नामको कंपनीच्या माणसांनी डोळ्यांना जागा दिली. उगाच नाही दिली. तू ज्याला मिनिमलिस्ट करायला निघालायस तो मुळातच अंगावरच्या कपड्यानिशी निघालेला गेम आहे.

तर २०१९. मी ऐरोलीला राहतो, महापेला नोकरी, रात्री घरी आल्यावर दोन तास काहीतरी आपलं करायचं म्हणून हा रिमेक काढला. दादा कमर्शियल आर्टिस्ट. त्याच्या हॉलमध्ये चित्रकार मोंद्रियानच्या ब्रॉडवे बूगी वूगीचं प्रिंट लावलेलं आहे, पिवळे रस्ते आणि त्यावर लाल-निळे चौकोन, १९४२-४३ चं चित्र, आणि शप्पथ सांगतो, लांबून बघितलं तर कोणीतरी पॅकमॅन मध्येच पॉज केलाय असं वाटतं. तेच बघून सुचलं. मी म्हटलं दादा तू आर्ट कर, मी कोड करतो. आठवड्याने त्याची फाइल आली. काळं बॅकग्राउंड, पांढऱ्या रेघा, पांढरा गोल, आणि भुतं म्हणजे चार राखाडी चौकोन. चारही सेम टू सेम. डोळे नाहीत, रंग नाही.

मी फोन केला, अरे ओळखायचं कसं कुठला कोण ते? तर म्हणे, "आपण पार्लरमध्ये रंगावरून ओळखायचो का? चालीवरून ओळखायचो." आता ह्याला काय बोलणार. मशिन एकच, त्याला आठवतं रंगाशिवाय चालतं, मला आठवतं डोळ्यांशिवाय मेलो असतो. दीड तास भांडलो. वहिनीने मागून फोन ठेवायला लावला.

मध्येच एक सांगतो कारण ह्यात तूही पडशील. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये भुतं पॅकमॅनला पकडायचीच नाहीत, मला वाटलं पाथफाइंडिंग, म्हणजे भुतांचा रस्ता शोधायचा कोड, चुकलंय, तीन रात्री गेल्या. चूक स्पीडमध्ये होती. ओरिजिनलमध्ये पहिल्या लेव्हलला पॅकमॅन मोकळ्या रस्त्यावर गेमच्या कमाल स्पीडच्या ८० टक्क्यांनी पळतो, पण ठिपका खाल्ला की दर वेळी एक फ्रेम, म्हणजे निमिषभर, थांबतो, त्यामुळे खाताना तो ७१ वर येतो, आणि भुतं ७५ वर. म्हणजे खात राहिलास तर मागचा हळूहळू गाठतो, रिकाम्या रस्त्याने पळालास तर सुटतोस. हाव की जीव, एवढाच गेम आहे तो. हे आकडे नीट बसले नाहीत तर तुझी ॲब्स्ट्रॅक्ट स्टाइल कितीही भारी असू दे, स्क्रीनसेव्हर होईल. प्रत्येक भुताची चालही ओरिजिनलच ठेव: लाल सरळ मागे लागतो, गुलाबी तुझ्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवतो, निळा तुझ्या दोन घरं पुढचा बिंदू आणि लाल भूत यांच्यामधली रेघ दुप्पट लांबवून तिथे जातो, आणि नारिंगी आठ घरांपेक्षा लांब असला तर तुझ्यावर येतो, जवळ आला की घाबरल्यासारखा खालच्या डाव्या कोपऱ्यात पळतो.

त्या वर्षी गणपतीत नौपाड्याला आत्याकडे सगळे जमलेलो. आत्या तेव्हा अडुसष्टची, आयुष्यात गेम खेळलेली नाही, फोनवर पत्तेसुद्धा नाही. आरतीनंतर लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला, दादाचं व्हर्जन, चार राखाडी चौकोन. चार वेळा मेली. पाचव्या वेळी चष्मा वर करून म्हणाली, "अरे ह्यातला एक भित्रा आहे. येतो अंगावर आणि जवळ आला की पळतो."

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मोदक घशात अडकला. मान्य. रंगाचा मुद्दा तिथे मी हरलो, लेखी देतो. जपानीत त्या भुतांना मुळात जी नावं होती त्यात नारिंगीचं नाव ओतोबोके, वेड घेऊन पेडगावला जाणारा म्हण. बाईंनी रंग न बघता बरोब्बर त्यालाच पकडलं.

पण. मी तिला बाजूला बसून अर्धा तास बघत होतो, दादा बाहेर पानं वाढत होता. ती मरत होती ती दर वेळी चौकात. भूत तीन रस्त्यांच्या नाक्यावर आलं की तिचं बोट बाणांवर थांबायचं, कारण चौकोन कुठे वळणार ते तो वळेपर्यंत कळायचंच नाही. त्याच रात्री ऐरोलीला परत येऊन मी प्रत्येक चौकोनाच्या ज्या बाजूला तो वळणार त्या कडेला दोन पिक्सेलची खाच पाडली. बास. डोळा नाही, बुबुळ नाही, एक खाच. विसर्जनाच्या दिवशी परत दिला आत्याला, काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याच डावात तिने पहिली लेव्हल काढली. विचारलं कसं, तर म्हणाली, "तो आधी मान वळवतो ना."

तर डोळे म्हणजे दोन पांढरे गोल असलेच पाहिजेत असं नाही, पण वळायच्या आधी कळलं पाहिजे. मोठा ठिपका खाल्ल्यावर भुतं घाबरतात तेव्हा भरलेला चौकोन पोकळ कर, नुसती आउटलाइन, त्याला निळ्या रंगाची गरज नाही. रंग एकूण दोन पुरे, तिसरा लागलाच तर तो फक्त तुझ्या गोलाला.

कोणीतरी तुला सांगणार की वारली लाव, आपल्या पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचं आहे, आधीच गोल-त्रिकोण आहेत. मला पण सांगितलं, ऑफिसात तिघांनी. वारलीतले माणसाचे दोन त्रिकोण कमरेत टेकतात म्हणून तर ती माणसं नाचताना दिसतात, ते तू चक्रव्यूहात कोंबलंस तर नाच जाईल आणि वॉलपेपर उरेल. करायचं तर वेगळा गेम कर.

हां, कॉपीराइट राहिलं. मी वकील नाही. ढोबळमानाने गेमच्या नियमांवर कोणाची मालकी नसते, चित्रांवर, नावावर असते. अमेरिकेत पॅकमॅनचे हक्क असलेल्या अटारीने के. सी. मंचकिन नावाच्या गेमवर केस केली, तिच्यात १९८२ मध्ये कोर्टाने चक्रव्यूह आणि ठिपक्यांना फारसं धरलं नाही, तो खाणारा आणि ती भुतं फार सारखी दिसतात ह्यावर त्याची विक्री थांबवली. म्हणजे चौकोन केलेस तर तुझ्याच फायद्याचं आहे. पण नावात पॅकमॅन घालू नकोस आणि तोच्या तोच चक्रव्यूहही उचलू नकोस, माझा रिमेक मी पब्लिश केलेला नाही, घरच्यांसाठीच आहे, त्यामुळे माझ्या जिवावर उड्या मारू नकोस.

दादा अजून म्हणतो ती खाच त्याचीच आयडिया होती. माझ्याकडे त्या रात्रीची फाइल आहे, १ वाजून ४० मिनिटांची सेव्ह केलेली, तो तेव्हा नौपाड्याला घोरत होता. तुझा बिल्ड झाला की लिंक टाक, आत्याला खेळायला देतो.