कोकणातल्या नेच्यांचे (फर्नचे) वाळवलेले जुने नमुने आहेत. कुळं बदलली म्हणून जुनी लेबलं काढून नवी लावू का?

मुळीच काढू नका. या लेबलांवरून मी अनेकांशी वाद घातलाय, आणि ‘बीजाणुधानी (बीजाणूंच्या बारीक पिशव्या) बघून कुळ कळतं’ म्हणणाऱ्यांशीही.

खाजणातला अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम हा नेचा घ्या. पान उलटलं की शेंड्याकडच्या पर्णिकांना खालून तपकिरी मखमल चढवल्यासारखी दिसते. सगळ्या बीजाणुधानीच, वेगळा पुंजका शोधून सापडत नाही. लिनियसने १७५३ मध्ये या एका खुणेवर कितीतरी नेचे अ‍ॅक्रोस्टिकममध्ये घातले. त्यांतले बरेच पुढे एलाफोग्लॉसम, बॉल्बिटिस अशा प्रजातींत (जीनसमध्ये) गेले, कारण हे लक्षण नेच्यांत अनेकदा स्वतंत्रपणे आलं आहे. ऑरियमचा खरा सख्खा निघाला पाणथळ भातखाचरातला सेरॅटोप्टेरिस! अंगाने लुसलुशीत, बीजाणुधानी शिरांवर विखुरलेल्या, वर पानाची कड दुमडलेली. दिसण्यात काडीचं साम्य नाही, म्हणून त्याला पार्केरिएसी हे वेगळं कुळ दिलं होतं. हरितलवकातली जनुकं जुळवल्यावर दोघे शेजारी बसले. आता दोघंही टेरिडेसी कुळात.

कुळांसाठी २०१६ ची पीपीजी-१ (टेरिडोफाइट फायलोजेनी ग्रुपची वर्गीकरण पद्धत) वापरा: १४ गण (ऑर्डर), ५१ कुळं, ३३७ प्रजाती. आयसोएटीस आणि सेलाजिनेला या बीजाणूंवरच वाढणाऱ्या वनस्पतींना नेचे म्हणू नका, त्यांचा वर्गच वेगळा, लायकोपोडिओप्सिडा. एक्विसेटम मात्र नेच्यांतच.

जुन्या लेबलाशेजारी नवी चिठ्ठी डकवा: वनस्पतीचं नाव, नामकर्ता (ते नाव देणारा), ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. ठिकाण आणि संग्रह क्रमांक जुन्या लेबलावरच असतात. ते गेलं की नमुना म्हणजे नुसता पाला.

अ‍ॅक्रोस्टिकम नव्याने गोळा करणार असाल तर लक्षात ठेवा, पान दोन मीटरच्याही वर जातं. शेंडा, मधला भाग, देठ वेगवेगळ्या शीटवर लावा, क्रमांक एकच, पूर्ण लांबी टिपून ठेवा. खोडाचा तुकडा खवल्यांसकट हवा. कोवळ्या पानाचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा लगेच सिलिका जेलमध्ये टाका. पावसाळ्यात दाबातले कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. बुरशीच्या भीतीने फॉर्मॅलिन मारू नका, डीएनए खराब होतो.

एक राहिलं. कुळं बऱ्यापैकी स्थिरावलीत, प्रजाती नाहीत. ब्लेकनम ओरिएंटेल आता ब्लेकनॉप्सिसमध्ये आहे, चेलँथिसची तर अजून फोड चाललीय. अशा नमुन्यांवर कोणाचं वर्गीकरण मानलं, तेही चिठ्ठीवर लिहा.