गावाच्या शिवेपर्यंत चालत जा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फराळाला आलीस तेव्हा निघताना दारात म्हणालीस, "काकू, घर मनासारखं मिळालं, शाळा चांगल्या आहेत, पण या गावाशी माझं काही जुळतच नाही. मी इथे नुसती राहते." तुझ्या हातात डबे, बाहेर थंडी, गाडी सुरू. मी आपलं "होईल हळूहळू" म्हणून मोकळी झाले. रात्री झोप लागेना. कारण हळूहळू, आपलं आपण, काही होत नाही. मी 1988 साली मॅसॅच्युसेट्समध्ये आले आणि पहिली नऊ वर्षं तुझ्यासारखीच नुसती राहिले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

1997 चा मे महिना. पलीकडच्या घरातल्या आजी एक जाडसर पुस्तिका घेऊन दारात आल्या. टाउन मीटिंगचं, म्हणजे गावाच्या सर्वसाधारण सभेचं वॉरंट; सभेपुढच्या विषयांची यादी. म्हणाल्या, सोमवारी सात वाजता शाळेच्या जिममध्ये ये. मी म्हटलं, माझं ग्रीन कार्ड आहे, मत नाही. "कान आहेत ना?" एवढं बोलून त्या गेल्या.

आपल्या राज्यात 351 शहरं आणि गावं आहेत, आणि त्यातल्या बहुतेक लहान गावांत आजही गावाचं बजेट निवडलेले नगरसेवक मंजूर करत नाहीत. ज्याचं नाव मतदारयादीत आहे तो कुणीही सभेत जाऊन बसतो आणि हात वर करतो. दारात टेबलं मांडलेली असतात, रस्त्याच्या नावाप्रमाणे यादीत तुझं नाव शोधून खूण करतात आणि हातात एक रंगीत कार्ड देतात. मत देताना ते उंच धरायचं. पुढे सिलेक्ट बोर्ड, म्हणजे गावाचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ, आणि फायनान्स कमिटी बसलेली, मध्ये सभा चालवणारे मॉडरेटर. बोलायचं तर माइकमागे रांगेत उभं राहायचं, नाव आणि रस्ता सांगायचा आणि मॉडरेटरला उद्देशूनच बोलायचं. समोरच्या शेजाऱ्याशी थेट भांडायला मनाई. हा नियम मला फार आवडतो. ज्याच्याशी सकाळी कचऱ्याच्या डब्यापाशी भेट होणार आहे, त्याच्या विरुद्ध रात्री बोलायचं तर मध्ये कुणीतरी तिसरं हवंच.

मत नसलेल्यांच्या खुर्च्या बाजूला, दोरीपलीकडे होत्या. कर आम्हीही भरत होतो, त्यामुळे ती दोरी मला टोचली. मग आजी आपलं कार्ड पर्समध्ये ठेवून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि तीन तास एकेक कलम कानात समजावत राहिल्या. मत द्यायची वेळ आली की तेवढ्यापुरत्या उठून दोरीच्या आत जायच्या, पुन्हा यायच्या.

त्या रात्री गावाबाहेरचं एक गवताचं रान विकत घ्यायचा ठराव होता. कर्ज काढायचं असलं की दोन-तृतीयांश मतं लागतात. मॉडरेटरनी सभेची परवानगी घेऊन मलाही दोन मिनिटं बोलू दिलं. हातातला कागद इतका थरथरत होता की लिहिलेलं वाचता येईना. मग पाठ होतं ते बोलले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी बेंदराला बैल रंगवून, झुली घालून गायरानातून मिरवत आणायचे. पुढे गायरानाचे तुकडे पडत गेले, मिरवणूक डांबरी रस्त्याच्या कडेला आली आणि मग एक वर्ष निघालीच नाही. कुणी बंद केली नव्हती, पाय टेकायला जागा उरली नव्हती.

ठराव थोडक्या मतांनी पडला. आज तिथे घरं आहेत, तुझ्या ऑफिसच्या वाटेवर ती दिसतात. त्या घरांतली माणसं चांगली आहेत, मी त्यांच्यावर राग धरत नाही. पण एप्रिलमध्ये तिथून गेले की अजून पोटात तुटतं.

हरल्यावर आजींनी मला लँड ट्रस्टच्या, म्हणजे मोकळी जमीन राखणाऱ्या लोकांच्या संस्थेच्या बैठकीला नेलं. लँड ट्रस्टचं सभासद व्हायला नागरिकत्व लागत नाही, मताचं कार्ड लागत नाही. हे मुद्दाम तुला सांगते आहे, कारण तुमचं व्हिसाचं दुखणं मला माहीत आहे. आणि ही कल्पना इथलीच. चार्ल्स एलियट नावाच्या तरुण उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने 1891 मध्ये 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' ही संस्था याच राज्यात उभी राहिली. ग्रंथालय पुस्तकं जपतं तशी लोकांनी एकत्र येऊन सुंदर जागा का जपू नयेत, हा त्याचा प्रश्न होता. आमचं काम त्या मानाने अगदी साधं. पडलेली झाडं वाटेवरून बाजूला करायची, झाडांवर खुणा रंगवायच्या, पाकिटांवर तिकिटं चिकटवायची. दोन वर्षांत मला गावातली शंभरेक माणसं नावानिशी ओळखू लागली. मराठी मंडळावर माझा जीव आहे, तिथली नाटकं मी चुकवत नाही, पण ही माणसं मला मंडळात भेटली नसती.

2000 साली राज्यात कम्युनिटी प्रिझर्व्हेशन अ‍ॅक्ट आला. गावाने मतदान करून ठरवायचं की मालमत्ता करावर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार लावून घ्यायचा, मग राज्यही आपल्या निधीतून भर घालतं. मोकळी जमीन, जुन्या वास्तू आणि परवडणारी घरं, या प्रत्येकाला दरवर्षीच्या रकमेतला निदान दहा टक्के हिस्सा ठेवावाच लागतो. आपल्या गावाने तो स्वीकारला. दारोदार पत्रकं वाटणाऱ्यांत मी होते. 2003 मध्ये बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये मी शपथ घेतली आणि घरी जायच्या आधी मतदार नोंदणीचा फॉर्म भरला.

मग 2006 मध्ये सफरचंदाची बाग विकायला निघाली. हे नीट वाच, कारण पुढची वेळ तुमच्या पिढीवर येणार आहे. शेतजमीन राज्याच्या कायद्यातल्या 61-ए प्रकरणाखाली नोंदवली की कर शेतीच्या मूल्यावर लागतो, बाजारभावावर नाही. त्या सवलतीच्या बदल्यात, मालक ती घरबांधणीसाठी विकू लागला की तेवढाच पैसा देऊन जमीन घ्यायचा पहिला हक्क गावाचा. मुदत फक्त 120 दिवस. चार महिन्यांत मोजणी, पैशांची जुळवाजुळव, खास सभा, सगळं. लँड ट्रस्टने देणग्या जमवल्या, उरलेलं अधिभाराच्या निधीतून आणि कर्जातून. मी दोरीच्या आत बसले होते. आजी नव्हत्या, आदल्या हिवाळ्यात गेल्या. कार्ड वर धरलं तेव्हा हात थरथरला नाही, पण मतं मोजणारा मुलगा माझ्या रांगेपाशी येईपर्यंत खांदा भरून आला. ठराव पास झाला. त्या निधीतून घेतलेल्या जमिनीवर कायमचं बंधन नोंदवावंच लागतं, म्हणून ती बाग आता गावाला आपल्या मनाने मोडता येणार नाही, उद्याच्या सिलेक्ट बोर्डालाही नाही.

मेमोरियल डेला तू आली नाहीस. लाँग वीकेंड म्हणून सगळे केप कॉडला जातात. पुढच्या वर्षी सोमवारी सकाळी थांब. 1868 साली, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहण्यापासून हा दिवस देशभर सुरू झाला. आपल्या गावात बँडची मुलं, वयस्क सैनिक आणि अग्निशमन दलाची गाडी टाउन कॉमनवरून, म्हणजे गावाच्या मधल्या मैदानावरून निघून दफनभूमीपर्यंत चालत जातात. नावं वाचली जातात. बंदुकांच्या तीन फैरी झडतात, लहान मुलं कान झाकतात. मग शाळेतला एक मुलगा ट्रम्पेटवर 'टॅप्स' वाजवतो, चोवीस सुरांची ती निरोपाची धून. ती थांबली की कुठून तरी लांबून तीच धून पुन्हा ऐकू येते. दुसरा मुलगा दफनभूमीच्या भिंतीपलीकडे, त्याच सफरचंदाच्या बागेतल्या झाडांमागे कुणाला दिसणार नाही असा उभा असतो. एका वर्षी तो आमचा धाकटा होता. दवात बूट भिजवून अर्धा तास एकटा उभा, आणि मी इकडे गर्दीत त्या झाडांकडे बघत. तिथे घरं झाली असती तर तो कुठल्या गॅरेजमागे उभा राहिला असता? चार जुलैच्या मिरवणुकीला तू जातेसच, रंगीत कागद गुंडाळलेल्या सायकली तुला आवडतात. पण या गावाच्या प्रेमात मी पडले ती त्या दुसऱ्या, लांबच्या सुरांनी.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून शिक. जमीन राखण्याच्या नावाखाली माणसं बाहेर ठेवणारेही सभेत असतात. घरांचा विषय आला की अचानक सगळ्यांना बेडकांचा पुळका येतो. 1969 पासून राज्याचा कायदा सांगतो की गावातली निदान दहा टक्के घरं परवडणारी असावीत; तो ठरावही तेवढ्याच जोराने मांडणारी हो. मी दोन्हीला हात वर करते आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाते. शिवाय ही जमीन आपण राखायच्या आधी रिकामी नव्हती. हा निपमक या इथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख. इंग्रज वसाहतवाल्यांशी झालेल्या 1675 च्या युद्धात शांतपणे राहणाऱ्या निपमक कुटुंबांनाही उचलून बॉस्टनच्या बंदरातल्या डियर आयलंडवर नेऊन टाकलं, आणि थंडीभुकेने कित्येक मेले. बागेच्या पाटीवर त्यांचा उल्लेख यावा म्हणून आम्हाला दोन बैठका वाद घालावा लागला. आता आहे.

आता काय करायचं ते सांगते. राज्याच्या कायद्याने दर पाच वर्षांनी सिलेक्ट बोर्डाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसांनी गावाची शीव चालून, सीमेचे दगड तपासून त्यांच्यावर साल रंगवायचं असतं. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन, इथे शिवेची पाहणी. ती या एप्रिलमध्ये आहे. सोबत कुणी आलं तर त्यांना हवंच असतं, मी तुझं नाव दिलंय. झाडीत शिरलीस की मधूनच दगडी गडगे लागतील. एकोणिसाव्या शतकात इथलं बहुतेक जंगल तोडून शेतं केली होती, त्यांचे ते बांध. शेतं गेली, जंगल परत आलं, गडगे राहिले. पँट मोज्यांत खोच, गोचीड असतात. रंगाचा डबा शक्यतो तूच धर, म्हणजे साल तुझ्या हातचं लागेल.

आणि मे महिन्यातल्या सोमवारी सात वाजता जिममध्ये. दारात सांग की मी मतदार नाही, ते बाजूच्या खुर्च्या दाखवतील. शाल आण, तिथे गारठा असतो. मी कार्ड पर्समध्ये ठेवून तुझ्या शेजारी येऊन बसेन.

तुझी,
काकू