उत्तर: सिम्युलेटरवर आउटपुट बरोबर, व्हायव्हाला सगळे गप्प

सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एफईच्या (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या) मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांना कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे शिकवायला तुम्ही ऑनलाइन सिम्युलेटर लावला, प्रॅक्टिकलला सगळ्यांची आउटपुटं बरोबर आली आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) 'प्रोग्राम काउंटर काय करतो' (म्हणजे पुढचा हुकूम कुठून घ्यायचा ते लक्षात ठेवणारा भाग) विचारल्यावर एकजण म्हणाला, 'सर, स्टेपचं बटण दाबलं की पुढे जातो.' हे उत्तर मी पण ऐकलंय, जवळपास याच शब्दांत. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी इलेक्ट्रॉनिक्सची, एका खाजगी कॉलेजात चौदा वर्षं शिकवतेय, वीस-बावीसच्या बॅचेस असतात. तुमच्याकडे वेगळं असू शकतं. बायनरी, गेट्स (० आणि १ वर चालणारी छोटी सर्किटं) वगैरे कसं शिकवायचं ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मी दिवाळीच्या सुट्टीत बसून केलेलं हँडआउट. चार पानं, प्रत्येक स्क्रीनशॉटवर लाल बाण, 'इथे क्लिक करा, हा आकडा टाका, आता रन दाबा'. मला वाटलं मुलं अडकायला नकोत. अडकली नाहीतच. दोन तासांचं प्रॅक्टिकल पंचवीस मिनिटांत संपलं, एचओडी (विभागप्रमुख) खूश, तेच हँडआउट बाकीच्या डिव्हिजनला पण वाटलं गेलं. मग जर्नल तपासायला बसले तर सगळ्यांचा स्क्रीनशॉट एकच, आणि एकाच्या स्क्रीनशॉटला तर माझा लाल बाण तसाच! त्याने सिम्युलेटर उघडलाच नव्हता, माझ्याच हँडआउटचा फोटो काढून चिकटवला होता. त्याला ओरडले, पण खरं सांगायचं तर उघडणाऱ्यांना तरी त्याच्यापेक्षा जास्त काय कळलं होतं? त्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, 'मॅडम, हे खरंच कॉम्प्युटरमध्ये असं होतं, की फक्त या वेबसाइटवर होतं?' मी संपूर्ण सेमिस्टर त्यांना एक वेबसाइट वापरायला शिकवली होती. बास.

आता काय करते ते सांगते. लिटल मॅन कॉम्प्युटर वापरते, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक बुटका माणूस बसून कागदांवरचे हुकूम एकेक करून पाळतोय असं समजायचं; तुम्ही पण तोच वापरताय असं दिसतंय. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६५ च्या सुमाराचं मॉडेल आहे, जुनं म्हणून नाक मुरडू नका, पहिल्या वर्षाला याच्याएवढं सोपं मला दुसरं सापडलं नाही. शंभर पेट्या, ०० ते ९९, प्रत्येकीत तीन आकडी संख्या. मी पेट्या म्हणतच नाही, चाळ म्हणते. चाळीत शंभर खोल्या, दारावर नंबर, आत एक कागद. नव्या मुलांचा घोळ कायम इथेच होतो, दारावरचा नंबर कुठला आणि आतल्या कागदावरचा आकडा कुठला. तो सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका, एक अख्खा तास गेला तरी जाऊ दे.

मग ०० ते ०५ या खोल्यांत क्रमाने सहा कागद: ९०१, ३९९, ९०१, १९९, ९०२, ०००. (९०१ म्हणजे घे, ९०२ म्हणजे दाखव; ३ म्हणजे ठेव, १ म्हणजे मिळव, आणि त्यांच्या पुढचे दोन आकडे खोलीचा नंबर.) आकडा घे, ९९ नंबरच्या खोलीत ठेव, दुसरा घे, ९९ मधला त्यात मिळव, दाखव, थांब. हे आधी वहीत. प्रत्येक ओळीनंतर त्या बुटक्या माणसाच्या हातात काय आहे आणि ९९ मध्ये काय आहे ते पेनने लिहायचं, पेन्सिल चालणार नाही, आणि ते लिहून होईपर्यंत माझ्याकडे पीसी लॉक असतात. मग सिम्युलेटर, तोही स्टेप-स्टेपने. रनला (सगळं एकदम चालवणाऱ्या बटणाला) पहिले दोन आठवडे हात लावायचा नाही. मुलं कुरकुर करतात, करू देत.

आणि चुका होऊ द्या हो. तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलाने ९९ च्या ऐवजी ०३ नंबरची खोली वापरली, म्हणजे ३०३ आणि १०३. आता ०३ मध्ये तर त्याचाच 'मिळव'वाला कागद होता. त्याने ७ टाकला, मग ५ टाकला, आणि प्रोग्राम काही न दाखवता थांबला. 'मॅडम, साइट हँग झाली.' मी म्हटलं ०३ मध्ये काय आहे बघ. ००७. शून्याने सुरू होणारा कागद, म्हणजे थांब. (मी वापरते त्यात थांबतो, तुमच्याकडच्यात कदाचित एरर येईल, आधी घरी करून बघा.) मग म्हटलं, आता पहिला आकडा ९०२ टाक. टाकला, नंतर ५. स्क्रीनवर ५ आला, लगेच परत ५ आला. बेरीज नाहीच, कारण त्याने टाकलेला 'आकडा'च ०३ मध्ये जाऊन 'दाखव' हा हुकूम होऊन बसला होता! अख्खी बॅच त्याच्या पीसीभोवती गोळा झाली. डेटा आणि प्रोग्राम एकाच मेमरीत राहतात हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षं लिहीत होते, ते त्या दिवशी बहुतेक त्यांना पहिल्यांदा कळलं. आता ही चूक मी दरवर्षी मुद्दाम करायला लावते.

बाकी टूल्सबद्दल माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. गेट्ससाठी सर्किटव्हर्स चांगलं, आपल्याकडच्याच ट्रिपल आयटी बंगळुरूच्या मुलांनी सुरू केलेलं, ब्राउझरमध्ये चालतं, सर्किट काढायला लॉगिन लागत नाही. पण मोबाइलवर तारा जोडताना बोटाखाली काही दिसत नाही, मुलं चिडतात. सर्किट काढायचंच दुसरं सॉफ्टवेअर म्हणजे लॉगिसिम, पण मूळ लॉगिसिमचं काम २०१४ मध्येच थांबलंय, इन्स्टॉलच करायचं तर लॉगिसिम इव्होल्यूशन घ्या. नॅन्ड टू टेट्रिस (गेटपासून अख्खा कॉम्प्युटर बांधायचा कोर्स) मला स्वतःला प्रचंड आवडतं, पण फर्स्ट इयरला अख्खं लादू नका, दोन-तीन हौशी पोरांना सुट्टीत द्या. सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, आयआयटी बॉम्बे, सीओईपी वगैरे त्यात आहेत, फुकट आहेत, प्रीटेस्ट-पोस्टटेस्ट तयार मिळते. फक्त तिथली 'प्रोसिजर' वाचून मुलं तीच क्लिक-क्लिक करतात, माझ्या हँडआउटचंच भावंड. व्हिज्युअल ६५०२ ही साइट शेवटच्या तासाला पाच मिनिटं दाखवा, ६५०२ नावाची खरी चिप आतून कशी चालते ते त्यात दिसतं. १९७५ ची चिप, साडेतीन हजारच्या आसपास ट्रान्झिस्टर, चालताना आतल्या रेषा रंग बदलत राहतात. त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच चांगलं उत्तर आहे. हो, खरंच असं होतं, हे बघ.

एक व्यावहारिक गोष्ट. नॅन्डगेम नावाची छान साइट आहे, गेटपासून कॉम्प्युटरपर्यंत कोडी सोडवत जायचं. आमच्या तेव्हाच्या कॉलेजात ती उघडेना. नेटवर्क बघणाऱ्या विभागात गेले, कुठलं कॉलेज ते विचारू नका, तर उत्तर आलं की नावात 'गेम' आहे म्हणून फिल्टरने अडवलंय. मी म्हटलं काढा. तर अर्ज द्या, अर्जावर एचओडींची सही, मग शैक्षणिक उपयोगाचं पत्र, मग 'मॅडम, पत्रावर आउटवर्ड नंबर नाही'. परवानगी मिळाली तेव्हा सबमिशन होऊन गेलं होतं आणि मुलं पीएलला (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीला) घरी. त्याच लॅबमध्ये मागच्या बेंचवर पोरं क्रिकेटचा लाइव्ह स्कोअर बघायची, तो कधी अडला नाही! तेव्हा सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच लॅबमधल्या पीसीवर बसून, विद्यार्थ्यांच्या लॉगिनने, प्रत्येक साइट उघडून बघा. स्टाफच्या लॉगिनला उघडते म्हणून गाफील राहू नका. आणि एखादं ऑफलाइन चालणारं टूल हाताशी ठेवा. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश २०२० च्या शेवटी बंद झालं तेव्हा माझी सहा वर्षांची ॲनिमेशन्स एका रात्रीत गेली, तेव्हापासून मी फक्त एकाच गोष्टीवर विसंबत नाही.

टर्मवर्कचं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या कामाला मार्क कसे द्यायचे ते, तुम्ही शेवटी विचारलंय. दहापैकी सहा मार्क मी सिम्युलेटरच्या आधी वहीत लिहिलेल्या अंदाजाला देते, तो बरोबर असो वा चूक. उरलेले चार, कुठल्या ओळीला अंदाज चुकला आणि का, हे दोन ओळींत लिहिलं तर. खाडाखोड करून बरोबर उत्तर वर लिहिलेलं दिसलं तर मार्क कापते, चुकलेलं तसंच राहू दे म्हणून आधीच बजावलेलं असतं. स्क्रीनशॉट जर्नलमध्ये घेतच नाही. एकदा एक्सटर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणाले आउटपुट कुठंय, मी त्यांना एका मुलाची वही दिली आणि म्हटलं सर, याला विचारा ०३ मध्ये काय होतं.