'सी' सर्टिफिकेट कपाटातून बाहेर काढ

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वय २१. यंदा बी.कॉम. झाले, ५८ टक्के. कॉलेजात एनसीसी होतं, 'सी' सर्टिफिकेट 'बी' ग्रेडमध्ये आहे. आर्मीत ऑफिसर व्हायचंय, पण सीडीएसच्या लेखी परीक्षेची धास्ती वाटते. इंग्रजी बोलताना अडखळते. आई म्हणते, दहा वर्षांची नोकरी, पुढे काय? बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : अगं, तुझ्या हातात काय आहे ते तुला कुणी सांगितलंच नाही! 'सी' सर्टिफिकेट, किमान 'बी' ग्रेड, पदवीला ५० टक्के, वय १९ ते २५ आणि अविवाहित. एवढं असलं की एनसीसी स्पेशल एंट्रीतून अर्ज करता येतो. लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड चाचणी आणि मुलाखत. मुलींच्या जागा मात्र मोजक्या असतात, म्हणून सीडीएसचा फॉर्मही भर. चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, त्यात इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच दोन पेपर आहेत, गणित नाही. कॉमर्स चालतं.

खरी कसोटी एसएसबीचे पाच दिवस. मी पहिल्यांदा भोपाळला गेलो आणि पहिल्याच दिवशी बाद होऊन परत आलो. अंधूक चित्र ३० सेकंद दाखवतात, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सांगायची. मी पाठ केलेली गोष्ट लिहिली. गटात आम्हा तिघांच्या गोष्टीत तोच डॉक्टर, तोच पूर! दुसऱ्या वेळी चित्रात पाणी आणि माणसं दिसली. कळव्याला भरतीचं पाणी चाळीत शिरलं की आम्ही पोरं शेजारच्या आजींचं सामान पोटमाळ्यावर चढवायचो, ते लिहिलं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं. निवड झाली. अडखळलीस तरी चालेल, गप्प बसू नकोस.

क्लासला हजारो रुपये घालण्याआधी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र बघ. राज्य सरकारचं आहे, राहणं-जेवण-शिकवणं मोफत, मुलींनाही प्रवेश. 'सी' सर्टिफिकेटवाल्यांना तिथे एसएसबीच्या वर्गाला बसता येतं.

आता आईचा प्रश्न. तो रास्त आहे. या दोन्ही वाटांनी मिळते ती शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. ती दहा वर्षांची, पुढे चार वर्षं वाढवून मिळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर शॉर्ट सर्व्हिसवर असलेल्या मुलींना पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचाही विचार करता येतो. लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. मीही शॉर्ट सर्व्हिसवालाच. रसद पुरवण्याचं काम केलं होतं, बाहेर पडल्यावर तेच बेलापूरच्या एका कंपनीत केलं. घर चाललं, मुलं शिकली.

अर्ज सुटेपर्यंत पळायला लाग. आणि आईला घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन ये. नाशिकची चौकशी तिथेच होते, तिला तिचे प्रश्न तिथे स्वतः विचारू दे.