सोलो येतो, पण चार्ट वाचता येतो का?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा वर्षं गिटार वाजवतो. जॅझचे सोलो ऐकून जसेच्या तसे उतरवतो, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत सांगणारं लेखन) वाचता येतो. सेशन गिटारिस्ट, म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगला बोलावल्यावर वाजवणारा, व्हायचं आहे. कॉलेज सोडून पूर्णवेळ सराव करू का? आधी महागडी आर्चटॉप (जॅझमध्ये वापरतात ती पोकळ, फुगीर पाठ-पोटाची गिटार) घ्यावी का? घरचे म्हणतात, आधी डिग्री.

उत्तर : तुझ्या पत्रात सोलोचा उल्लेख आहे, संगतीचा नाही. सेशनमध्ये गिटारिस्टचा बहुतेक वेळ संगतीतच जातो, आणि बोलावणारा पैसे मोजतो ते स्वतःचा वेळ वाचावा म्हणून. अमेरिकेतल्या वादक संघटनेच्या करारात मूळ सेशन 3 तासांचं असतं आणि त्यात जास्तीत जास्त 15 मिनिटांचं संगीत धरलेलं असतं. एवढ्या वेळात सूर लावणं, आवाज जमवणं, चार्ट (गाण्याचा स्वरलिपीत लिहिलेला कागद) बघणं, टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) देणं आणि दुरुस्त्या, सगळं उरकायचं असतं. ऐकून बसवायला तिथे कुणी थांबत नाही.

निव्वळ जॅझच्या सेशनांवर घर चालवणारे फार थोडे. 1960च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत व्यस्त असलेले बार्नी केसल, हॉवर्ड रॉबर्ट्स, टॉमी टेडेस्को हे सगळे जॅझचे वादक. पण त्यांची बरीचशी कामं पॉप रेकॉर्ड, सिनेमा आणि टीव्हीची होती. जॅझमुळे त्यांना हार्मनीची समज आणि चटकन जुळवून घ्यायची सवय होती, म्हणून त्यांना बोलावत. टेडेस्को तर मँडोलिनसारखी वाद्यंही गिटारच्या ट्यूनिंगमध्ये लावून वाजवून मोकळे व्हायचे.

आता तुझी खरी अडचण : वाचन. टॅबवर सेशन मिळत नाही. गिटारिस्ट वाचनात मागे पडतात त्याचं कारण वाद्यातच आहे. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर 5व्या, तिसरीवर 9व्या आणि चौथीवर 14व्या फ्रेटवरही (मानेवरच्या खान्यातही) सापडतो, त्यामुळे प्रत्येक स्वराला 'कुठे वाजवू?' हा जादा निर्णय येतो. यावर उपाय म्हणजे एका वेळी एकच पोझिशन, म्हणजे हाताची मानेवरची एकच जागा. 5व्या फ्रेटपासून सुरुवात कर आणि तिथे हात बसेपर्यंत हलू नकोस. रोज 20 मिनिटं पुरेत, पण पान दर वेळी नवं हवं. तेच पान चौथ्यांदा वाजवतोस तेव्हा ते वाचन राहत नाही, पाठांतर होतं. क्लॅरिनेटच्या अभ्यासाची पुस्तकं चांगली, कारण त्यातल्या ओळी गिटारच्या सवयीच्या नसतात. आधी फक्त ताल टाळीवर म्हण, मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून वाजव. चुकलास तरी थांबायचं नाही, नजर एक बार (मात्रांचा एक गट) पुढे. चार्ट हातात पडला की आधी पट्टी, रिपीटच्या खुणा, कोडा (शेवटचा वेगळा भाग) आणि सर्वांत अवघड बार शोधायचा. पहिला बार कसाही निभतो.

ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनमुळे जॅझमध्ये बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट या पट्ट्या नेहमीच्या. रॉकवरून आलेल्या मुलांचा हात ई आणि ए मध्ये अडकलेला असतो. तुझंही तसं असेल, तर ब्लूज बाराही पट्ट्यांत वाजव.

संगतीसाठी जॅझ गिटारिस्ट फ्रेडी ग्रीन ऐक. 1937पासून 1987मध्ये निधन होईपर्यंत ते काउंट बेसी यांच्या बँडमध्ये होते. सोलो जवळपास नाहीच, अँप्लिफायर नाही, चारही मात्रांवर दोन-तीन स्वरांच्या कॉर्ड. सुरुवात इथून कर : डी मायनर 7साठी चौथ्या तारेवर 3रा आणि तिसऱ्या तारेवर 5वा फ्रेट, जी 7साठी 3 आणि 4, सी मेजर 7साठी 2 आणि 4. दर बदलाला एकच बोट एक फ्रेट सरकतं. मूळ स्वर बासवाला वाजवतोच. पियानो चालू असताना तू सहाही तारांच्या कॉर्ड मारल्यास तर खालचा सगळा पट्टा गढूळ होतो आणि मिक्समध्ये गिटारच खाली ओढली जाते. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धर. गाणं 120चं असेल तर तो 60वर लाव. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मोठा करून घेण्याचा मोह टाळ. क्लिक (हेडफोनमधला मेट्रोनोमचा ठोका) आणि बास ऐकू आले नाहीत तर लय पुढे पळते.

आर्चटॉप सध्या नको. दोन हंबकर (गुणगुण दाबणारे पिकअप) असलेली सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटार पुरते; सिंगल कॉइल पिकअप दिवे आणि कॉम्प्युटरजवळ गुणगुणतं. 12व्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून निघणारा स्वर) जुळत नसेल तर आधी सेटअप करून घे, बेसूर गिटारचा टेक कितीही चांगला असला तरी फुकट जातो. पैसे उरले तर नायलॉन तारांची गिटार घे. बोसा नोव्हासाठी ती लागतेच.

हल्ली बरीच कामं घरून होतात. फाइल 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वेव्ह, पातळीचा उच्चांक साधारण उणे 10 डेसिबल. थेट जोडणीचा कोरडा ट्रॅक वेगळा, अँपचा वेगळा, दोन्ही गाण्याच्या शून्यापासून. बारच्या मधून सुरू होणारी फाइल पाठवलीस तर समोरच्याला ती अंदाजाने चिकटवावी लागते, आणि तो पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) मुरवून पाठवू नकोस.

मानधन बहुधा ठोक असतं आणि रेकॉर्डिंगचे हक्क समोरच्याकडे जातात. म्हणून तास किती, दुरुस्त्या किती, दुसरं वाद्य वाजवलं तर जादा किती, नाव छापणार का, हे कामाआधी लिहून घे. महिन्याला ठरलेली रक्कम येत नाही. शिकवणी, लाइव्ह कार्यक्रम, नाटकांचा वाद्यवृंद, अरेंजिंग अशी चार टोकं सांभाळूनच बहुतेकांचं भागतं. घरच्यांची काळजी त्यामुळे अगदीच चुकीची नाही.

कॉलेज सोडू नकोस. वर सांगितलेलं रोज दीड तासात बसतं, आणि आठ तास वाजवून मनगटाचे स्नायूबंध सुजले तर महिना वाया जातो. वर्षभराने स्वतःची परीक्षा घे : कधीही न पाहिलेला 32 बारचा चार्ट 120च्या लयीत पहिल्याच वेळी न थांबता, दुसऱ्या वेळी स्वच्छ, 50 स्टँडर्ड्स (जॅझवाल्यांची नेहमीची गाणी) कागदाशिवाय, आणि क्लिकवर रेकॉर्ड केलेली तुझी तीन मिनिटांची संगत एखाद्या ड्रमरला ऐकवायची. तो लयीबद्दल काही बोलला नाही, तर शेवटच्या वर्षी कामं मागायला सुरुवात कर.