मुलीला सीबीआरएन पथकात जायचे आहे आणि चष्मा आहे, तर दार कोणते?

प्रश्न : आम्ही सिन्नरला राहतो. मिस्टर माळेगाव एमआयडीसीत कामाला आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे. गॅसगळतीचे मॉक ड्रिल पाहिल्यापासून ती एकच म्हणते, तो पूर्ण बंद सूट घालून आत जाणाऱ्या पथकात मला जायचे आहे. नाशिकमधल्या एका अकॅडमीने सहा महिन्यांचा 'सीबीआरएन (रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक धोके) स्पेशालिस्ट' कोर्स सांगितला. फी सत्तर हजार आणि पुढे 'थेट एनडीआरएफ', म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. पाच हजार भरून जागा धरून ठेवली आहे. तिला दीडच्या आसपास नंबरचा चष्मा आहे. पुढे काय करावे? – एक आई

उत्तर : ताई, उरलेले पासष्ट हजार भरू नका. एनडीआरएफमध्ये जवानांची थेट भरती होत नाही, कोणत्याही सर्टिफिकेटवर होत नाही. २००६ मध्ये उभे राहिलेले हे दल बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेल्या जवानांचे आहे. आपल्याला सर्वांत जवळची तुकडी म्हणजे पुण्याजवळ सुदुंबरे येथील ५ वी बटालियन. तिथे पोहोचायचे तर आधी एसएससीची, म्हणजे दहावीची नव्हे तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची, जीडी (जनरल ड्यूटी) कॉन्स्टेबल परीक्षा द्यावी लागते. ती आता मराठीतूनही देता येते. मुलींसाठी उंची १५७ सेंमी आणि धावणे १.६ किमी साडेआठ मिनिटांत. मग त्या दलाचे प्रशिक्षण, काही वर्षांची नोकरी आणि त्यानंतर निवड झाली तर एनडीआरएफ. सीबीआरएनचे प्रशिक्षण त्याच्याही पुढे.

या वाटेवर तुमच्या मुलीची अडचण मात्र चष्म्याची आहे. जीडीच्या वैद्यकीय तपासणीत एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, तीही चष्म्याविना. दीड नंबरला ते बसत नाही. अकॅडमीने हे फी सांगायच्या आधी विचारायला हवे होते. तरी नेत्रतज्ज्ञांकडून चष्म्याविना नजर आणि रंगदृष्टी, दोन्ही एकदा लेखी तपासून घ्या.

हे वाचून ती हिरमुसेल. म्हणून त्या सुटाच्या आत प्रत्यक्षात काय असते, तेही तिला सांगा. सर्वांत वरच्या दर्जाचा सूट, ज्याला 'लेव्हल ए' म्हणतात, तो वायूही आत येऊ देत नाही. श्वास पाठीवरच्या सिलिंडरमधून घ्यायचा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबापर्यंत भरला की हिशेबाला साधारण २,०४० लिटर हवा. त्यातली शेवटच्या ५० बारची, म्हणजे ३४० लिटर, राखीव. तिला हात लावायचा नाही. उरली १,७००. जड काम करताना माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो, म्हणजे २८ मिनिटे. त्यात आत चालत जायला चार, परत यायला चार आणि बाहेर सूट धुऊन होईपर्यंत सहा, कारण धुऊन होईपर्यंत मास्क काढता येत नाही. प्रत्यक्ष कामाला मिळाली चौदा मिनिटे. हा हिशेब चुकला की माणूस धुण्याच्या रांगेत उभा असताना हवा संपत आल्याची शिट्टी वाजू लागते. शिवाय सुटात घाम वाळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हवेच्या आधी शरीरच थकते, म्हणून आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर नाडी, रक्तदाब, ताप मोजतात आणि आकडा नीट नसेल तर आत सोडत नाहीत. आत कायम जोडीनेच जायचे आणि बाहेर आणखी एक जोडी सूट चढवून तयार ठेवायची.

चष्म्याचा प्रश्न इथेही येतो. चष्म्याच्या काड्या कानापाशी मास्कची कड उचलतात आणि तिथून वायू आत शिरतो. त्यासाठी मास्कच्या आत बसणारी वेगळी काच-फ्रेम मिळते. म्हणजे कारखान्याच्या किंवा रुग्णालयाच्या पथकात चष्मा हा अडसर नाही.

आता क्लोरीनचेच उदाहरण घेऊ, कारण तो पाणी शुद्धीकरण केंद्रांत सर्रास असतो: १०० किलोचे सिलिंडर आणि ९०० किलोचे टनर, म्हणजे मोठ्या टाक्या. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून तो नाल्यात, तळघरात, सखल वस्तीत उतरतो. पथकाने वाऱ्याच्या वरच्या बाजूने आणि उंचावरून यायचे ते यासाठी. गळती नेमकी कुठे आहे ते अमोनियाच्या द्रावणात भिजवलेल्या बोळ्याने शोधतात. वाफ जिथे क्लोरीनला भेटते तिथे पांढरा धूर उठतो. टनर आडवा असेल तर तो फिरवून गळतीचे तोंड वर आणायचे, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो. द्रव क्लोरीनचा एक भाग वायू होऊन साडेचारशेच्या आसपास भाग होतो, एवढा फरक त्या एका फिरवण्यात आहे. आणि गळतीच्या तोंडावर पाणी कधीच मारायचे नाही. ओल्या क्लोरीनचे आम्ल होते, ते धातू खाते आणि भोक मोठे होते. धावत येऊन पाइप सोडणारा माणूस इथे घात करतो. हे सगळे ज्ञान बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुढचे एक पाऊल आहे, फार लांबचे नाही.

म्हणूनच मला वाटते, तिने सूट घालण्याची नोकरी शोधू नये. रसायन, शरीर किंवा किरणोत्सर्ग यांतला एक विषय पक्का करावा. सूट त्यावर चढतो. सीबीआरएन हे जवळजवळ सगळीकडे मूळ पेशावर घेतलेले जादा प्रशिक्षण असते.

तुमच्या घराला सर्वांत जवळचे दार कारखान्याचे आहे. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा, नाहीतर रसायनशास्त्रात बी.एस्सी.; मग कारखान्यात पर्यवेक्षकाचा अनुभव आणि त्यानंतर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा प्रगत डिप्लोमा, ज्याला सगळे 'एडीआयएस' म्हणतात. क्रम लक्षात ठेवा, अनुभव आधी. बी.एस्सी.वाल्यांना तो इंजिनिअरपेक्षा जास्त वर्षांचा लागतो, त्यामुळे जमत असेल तर इंजिनिअरिंगच घ्यावे. या वाटेने होणाऱ्या सेफ्टी ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे, अशी अटही नियमांत असते. मराठी मुलीसाठी इथे ती जमेची बाजू आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याला आवाराच्या आतल्या आपत्कालीन योजनेचा सराव दर सहा महिन्यांनी घ्यावाच लागतो. तो सराव आखणारी, सूट तपासणारी आणि वेळ पडल्यास आत जाणारी व्यक्ती म्हणजे हा सेफ्टी ऑफिसर. मिस्टरांना म्हणावे, कारखान्यातल्या एखाद्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, एसडीएस, वाचायला मागून आणा. त्यात १६ भाग असतात. ६ वा सांडल्यास काय करायचे याचा आणि ८ वा संरक्षक साधनांचा. दोन वाचून तिला कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेले बरे.

दुसरे दार वैद्यकाचे, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्यात याचीच गरज जास्त आहे. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हे विषारी रसायन सोडले गेले, तेव्हा रुग्णांचे कपडे न उतरवता त्यांना आत घेतल्याने कपड्यांतल्या वाफेने रुग्णालयातले कर्मचारीही आजारी पडले. कपडे उतरवण्याने बहुतांश विष निघून जाते. मग भरपूर पाणी, कमी दाबाने. हे काम दाराबाहेर व्हायला हवे आणि ते करून घेणारी प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर हवी. सरीनसारख्या विषावरची औषधे, अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम, निफाड-दिंडोरीकडच्या फवारणीच्या विषबाधेत वापरतात तीच. अ‍ॅट्रोपिन छातीतला स्राव सुकेपर्यंत द्यायचे असते, बाहुली मोठी झाली म्हणून थांबवायचे नसते, हे द्राक्षपट्ट्यात काम केलेल्या नर्सला पुस्तकाशिवाय कळते. 'नीट' परीक्षेची किंवा बी.एस्सी. नर्सिंगची तयारी असेल तर हे दार खरेच विचारात घ्या.

जैविक बाजू आवडत असेल तर मायक्रोबायॉलॉजी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत सर्वोच्च जैवसुरक्षेची, बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे आणि देशातल्या पहिल्या फिरत्या बीएसएल-३ प्रयोगशाळेचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकलाच झाले. किरणोत्सर्गाकडे जायचे तर भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. हे काम फक्त अणुभट्टीतले नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० निघाले आणि एक जण दगावला. भंगार सगळीकडेच असते.

आता या वर्षाचे. बारावीची परीक्षा आणि सीईटी आधी, यात तडजोड नको. अठरा पूर्ण झाली की नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते का ते विचारा. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावाच्या यादीत नाशिक, मनमाड आणि तुमचे सिन्नरही होते. तिथे फार पैसे मिळणार नाहीत, पण स्ट्रेचर, शिडी, प्राथमिक उपचार हाताखालून जातील. २०२७ च्या सिंहस्थासाठी अशी शिकलेली माणसे लागणारच आहेत. रोज धावण्यासोबत जिने चढायची सवय करावी, कारण सूट-सिलिंडरचे ओझे मांड्यांवर येते. बंद जागेची भीती वाटते का तेही पाहा. हेल्मेट आणि रेनकोट घालून अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे शांत बसता येत नसेल, तर सुटात शिरण्यापूर्वी त्यावर काम करावे लागेल.

राहिले पाच हजार. अकॅडमीचे माहितीपत्रक, 'थेट एनडीआरएफ' लिहिलेला मेसेज आणि पावती जपून ठेवा. प्रवेश रद्द करत असल्याचे आणि पैसे परत हवेत असे लेखी द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. 'थेट भरती' हे आश्वासन खोटे असल्याने तुमची बाजू भक्कम आहे.