ऑफिसच्या फ्रिजमधून डबा गायब होत असेल तर

नव्या नोकरीत डबा पहिल्यांदा गायब झाला, की लगेच कोणाकडे बोट दाखवू नका. अनेकदा एकसारख्या डब्यांची अदलाबदल झालेली असते, किंवा साफसफाईच्या दिवशी तो बेवारस समजून टाकून दिलेला असतो. झाकणे बदलली जातात, म्हणून नाव आणि तारीख डब्याच्या अंगावरही ठळक लिहावी. तरीही चोरी थांबली नाही, तर चेनची अपारदर्शक पिशवी वापरा, कारण समोरच ठेवलेला पारदर्शक डबा सर्वांत आधी उचलला जातो.

धडा शिकवण्यासाठी अन्नात जुलाबाचे औषध मिसळण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देईल (असे सल्लागार प्रत्येक ऑफिसात असतात). तो मुळीच ऐकू नका, कारण ते खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते आणि चोर राहील बाजूला, गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. त्याऐवजी काय गेले आणि केव्हा गेले याची नोंद ठेवून वरिष्ठांकडे तक्रार करावी; टोमणे मारणाऱ्या चिठ्ठ्यांनी फक्त करमणूक होते. फ्रिजवर भरवसाच उरला नसेल, तर बर्फाचा पॅक घातलेली इन्सुलेटेड पिशवी आपल्या टेबलाखाली ठेवा, मात्र आतले तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते ना, हे सुरुवातीला एकदा थर्मामीटरने तपासून घ्या.